तरंडा (गळाचा)

गळाच्या दोरीवर बांधलेली तरंगती खूण. मासा आमिषाला झोंबला की ती थरथरते किंवा बुडते. अमरावती-अकोल्यातून वाहणाऱ्या पूर्णेवर, सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा किंवा महानच्या काटेपूर्णा धरणाच्या परिसरात तरंड्याचे सामान शेताबांधावरच सापडते.

ज्वारीच्या वाळलेल्या धांड्यातले भेंड अतिशय हलके असते. पण उघडे राहिले तर पाणी पिऊन जड होते. म्हणून साल तशीच ठेवून दोन्ही टोके मेणाने बुजवावीत. पांगारा आणि सावरीचे लाकूड जास्त टिकते. सर्वांत सरस मोरपिसाचा देठ: कवच चिवट, आतला गर हलका, बारीक मासोळीने टोचले तरी हलणारा. मात्र आपोआप गळलेलीच पिसे घ्यावीत. मोराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

तरंगण्यासाठी पिसांचा उपयोग दुसरीकडेही होतो: ट्राउट माशासाठी आमिष म्हणून बांधल्या जाणाऱ्या तरंगत्या कृत्रिम माशीत कोंबड्याच्या मानेची ताठ पिसे आणि हरणाचे पोकळ केस वापरतात. त्यासाठी मेळघाटातल्या सांबर-चितळाचे केस घेणे हा गुन्हा आहे. तरंडा म्हणून थर्माकोलही छान तरंगतो. पण त्याचा चुरा वर्षानुवर्षे पाण्यात राहतो, तो वापरू नये.