उंच गाडी, रुंद चाक

डोंगराळ मुलुखांत, वाळूंत किंवा चिखलांत जाणारी मोटार घरीं आली, कीं तिच्या मालकापुढें लवकरच एक प्रश्न उभा राहतो. गाडी आहे तशीच ठेवावी, कीं तिच्या स्प्रिंगा बदलून ती चार बोटें उंच करावी आणि तिला मोठे टायर चढवावे? हा प्रश्न आजच्या हौशी तरुणांनीं निर्माण केला, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तो चाकाइतकाच जुना आहे. देशावरील जुन्या बैलगाडीचें चाक चांगलें कमरेच्या वर येई, तें कांहीं शोभेसाठीं नव्हे. काळ्या जमिनींत पावसाळ्यांत चाकोरी खोल पडते. चाक लहान असेल तर आंस चिखलाला टेकतो आणि बैल जागच्या जागीं अडतात. शिवाय मोठें चाक लहान खड्ड्यांत पुरतें उतरत नाहीं. त्याच्या कडांवरूनच तें निघून जातें. सुताराला आणि शेतकऱ्याला हें ज्ञान वाडवडिलांकडून आलेलें होतें.

मोटार आली तीही प्रथम अशाच वाटांवर आली. हेन्री फोर्डनें अमेरिकेंत १९०८ सालीं ‘मॉडेल टी’ ही गाडी बाजारांत आणली, तेव्हां तेथील खेड्यापाड्यांतील रस्ते म्हणजे निव्वळ गाडीवाटा होत्या. म्हणून तिचीं चाकें सुमारें ३० इंच व्यासाचीं ठेवलीं आणि पोट जमिनीपासून चांगलें उंच धरलें. पुढें एक व मागें एक असे दोनच आडवे पाट्यांचे संच तिच्याखालीं होते. त्यामुळें एक चाक दगडावर चढलें तरी उरलेलीं तीन सहसा जमीन सोडीत नसत. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. पुढें रस्ते सुधारले, मोटारींचा वेग वाढला आणि वेग वाढतांच त्या बुटक्या झाल्या. उंच गाडी ही वाईट रस्त्याची गरज होती. रस्ता चांगला होतांच ती उंची अडचणीची ठरली.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. गाडीची उंची दोन प्रकारची असते. स्प्रिंगा उंच केल्या म्हणजे गाडीचा सांगाडा आणि त्यावरील बैठक वर जाते. परंतु जिच्या खालीं अखंड आंस आहे, अशा गाडीचा आंस मात्र होता तेथेंच राहतो. आंसाच्या मध्यभागीं दांतेरी चक्रांचा जो गोल डबा लोंबत असतो, त्यालाच वाटेंतला दगड प्रथम लागतो. हा डबा वर उचलण्याचा साधा उपाय एकच, आणि तो म्हणजे मोठें चाक. त्यांतही व्यासांत जितकी वाढ होते, तिच्या निम्मीच उंची हातीं येते. २८ इंची टायर काढून ३३ इंची घातला तर आंस अडीच इंचच वर येतो. मोठा टायर वळतांना किंवा खड्ड्यांत दबतांना मडगार्डाला घासूं लागतो, म्हणून मग स्प्रिंगा उंच कराव्या लागतात. सारांश, उंच स्प्रिंग ही बहुधा मोठ्या टायरसाठीं केलेली जागा असते. तिचा स्वतःचा लाभ असा, कीं चढाच्या पायथ्याशीं गाडीचें नाक आणि माथ्यावर तिचें पोट अडत नाहीं.

या बदलाची किंमत दुसरीकडे द्यावी लागते. २८ च्या जागीं ३३ इंची चाक आलें कीं इंजिनाची ओढ सुमारें १५ टक्क्यांनीं कमी पडते, कारण एका फेऱ्यांत गाडी अधिक अंतर तोडूं पाहते. त्याच कारणानें वेगदर्शकाचा कांटा ताशीं ४० किलोमीटर दाखवीत असतां गाडी प्रत्यक्षांत ४७ च्या वेगानें धांवत असते. ब्रेक तेच राहतात, पण त्यांना अधिक जड आणि अधिक मोठें चाक थांबवावें लागतें. इंजिनाची शक्ति मागें नेणारा दांडा तिरका होतो, त्याचे सांधे लवकर झिजतात आणि सुकाणूच्या दांड्यांचा कोनही बिघडतो.

मग मोठ्या टायरचें खरें सामर्थ्य उंचींत आहे, कीं पसरण्यांत आहे? याचा निकाल लिबियाच्या वाळवंटांत लागला. राल्फ बॅग्नोल्ड (१८९६–१९९०) हा ब्रिटिश लष्करांतील अधिकारी १९२० नंतरच्या दशकांत इजिप्तमध्यें होता. सुटीचे दिवस मित्रांसह वाळवंटांत घालवावयाचे, आणि तेही उंटाच्या पाठीवर नव्हे तर फोर्ड गाडींत, असा त्याचा छंद होता. प्रथम त्यानें मॉडेल टी वापरली. पुढें १९२९, १९३० आणि १९३२ सालच्या लांबच्या सफरींत मॉडेल ए गाड्या नेल्या. या सर्व साध्या, फक्त मागलीं चाकें फिरणाऱ्या गाड्या होत्या. नाईलच्या पश्चिमेस वाळूचा जो अफाट समुद्र पसरला आहे, तो मोटारीला दुर्लंघ्य आहे असें तोंवर मानलें जात असे. बॅग्नोल्डच्या गाड्या त्याच्या टेकड्यांवरून पलीकडे गेल्या.

हें साधलें कसें? गाड्या उंच करून नव्हे. त्यानें टायरमधील हवा कमी केली. गाडीचें वजन मुख्यतः टायरमधील हवा तोलून धरते. म्हणून दाब निम्मा केला कीं जमिनीला टेकणारा भाग जवळजवळ दुप्पट होतो. उंटाचें पाऊल वाळूवर पसरतें आणि घोड्याचा खूर रुततो, त्याचेंच हें यांत्रिक रूप होय. याशिवाय रुतलेल्या चाकाखालीं घालावयास पोलादी पन्हळी, रेडिएटरची वाफ थंड करून तेंच पाणी पुन्हां वापरण्याची युक्ति आणि दिशा दाखविणारें सूर्य-होकायंत्र हीं साधनें त्याच्याजवळ होतीं. वाळू कोठें कठीण असते आणि कोठें फसवते, याचा त्यानें इतका अभ्यास केला, कीं १९४१ सालीं वाऱ्यानें वाहणाऱ्या वाळूच्या शास्त्रावर त्याचा ग्रंथ निघाला आणि १९४४ सालीं रॉयल सोसायटीनें त्यास सदस्यत्व दिलें.

दुसऱ्या महायुद्धांत या विद्येची कसोटी लागली. १९४० च्या जूनमध्यें इटली युद्धांत उतरतांच बॅग्नोल्डनें इजिप्तमधील सेनापति जनरल वेव्हेल यांच्यापुढें एक योजना ठेवली. हेच वेव्हेल पुढें हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. योजना मान्य झाली आणि ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रूप’ या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेलें पथक उभें राहिलें. आरंभींचे सैनिक बहुतेक न्यूझीलंडचे होते. पुढें हिंदी सैनिकांचें एक स्वतंत्र पथकही त्याच्या जोडीला आलें. शत्रूच्या पाठीमागें शेंकडों मैल जावयाचें, त्याच्या हालचाली टिपावयाच्या आणि परत यावयाचें, असें त्यांचें काम होतें. वाटेंत ना पेट्रोल मिळे, ना पाणी. गाडी मोडली आणि साथीदार सुटले, तर मृत्यूच समोर उभा राही.

अशा कामासाठीं त्यांनीं गाड्या कशा सजविल्या, हें पाहण्यासारखें आहे. दीड टन ओझ्याच्या शेव्हरोले ट्रकांचीं दारें, छप्पर आणि समोरची कांच काढून टाकली. स्प्रिंगांना जादा पाटे घालून त्या बळकट केल्या. रुंद आणि कमी दाबाचे टायर बसविले. पाटे वाढविले ते ऐट यावी म्हणून नव्हे. पाणी, पेट्रोल, शिधा आणि दारूगोळा यांचें ओझें खडकाळ जमिनीवर पेलावें म्हणून. या गाड्यांचीं केवळ मागलीं चाकें फिरत. १९४१ सालीं त्यांना चारही चाकें फिरणारे फोर्ड ट्रक मिळाले. चिखलांत वा वाळूंत ते अधिक जोरकस खरे. परंतु त्यांना पेट्रोल फार लागे. पेट्रोल अधिक म्हणजे शिधा आणि पाणी कमी, म्हणजेच पल्ला कमी. १९४२ सालीं पथक पुन्हां दोन चाकांनीं चालणाऱ्या शेव्हरोले ट्रकांकडे वळलें. ज्यांचा जीव गाडीवर अवलंबून होता, त्यांनीं अधिक सामर्थ्यवान गाडी सोडून कामाला पुरेल ती गाडी पत्करली!

त्याच सुमारास अमेरिकेंत जीप जन्मास आली. १९४० सालीं तेथील लष्करानें मागणी केली आणि बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें ४९ दिवसांच्या मुदतींत पहिला नमुना सादर केला. पुढें विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनीं मिळून युद्धकाळांत सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. तिच्या पुढल्या-मागल्या चाकांतील अंतर ८० इंच, टायर सहा इंच रुंद आणि पोट जमिनीपासून जेमतेम पावणेनऊ इंच. आजच्या हौशी मालकाला हे आंकडे किरकोळ वाटतील. पण जीपचें बळ तिच्या हलकेपणांत, आंखूडपणांत आणि चारही चाकांना मिळणाऱ्या मंद गतीच्या गिअरांत होतें. १९४२ सालीं तयार झालेल्या ‘डक’ या पाण्यांत आणि जमिनीवर चालणाऱ्या गाडींत तर चालकाला आपल्या जागेवरूनच टायरमधील हवा कमी-अधिक करतां येई. किनाऱ्याच्या वाळूंत ती कमी करावी आणि रस्ता लागतांच वाढवावी, अशी ती सोय होती.

युद्ध संपलें, लष्करी जीपा सामान्य लोकांच्या हातीं आल्या आणि गरजेच्या गोष्टीला हौसेचें रूप आलें. अमेरिकेंतील सेंट लुइस येथील बॉब चँडलर यांनीं आपल्या १९७४ सालच्या फोर्ड ट्रकाला मोठमोठीं चाकें चढवीत नेलीं. ‘बिगफूट’ या नांवानें गाजलेल्या त्या गाडीला प्रथम ४८ इंची आणि पुढें ६६ इंची टायर लागले, आणि प्रत्येक वाढीबरोबर आंसही अधिक बळकट बसवावे लागले. मैदानांत मोडक्या मोटारी चिरडून दाखविण्यासाठीं ती गाडी योग्यच होती. परंतु तिच्या अनुकरणानें घरच्या गाड्या उंच होऊं लागल्या, तेव्हां वळणावर उलटण्याचा धोकाही वाढला. याचें गणित सोपें आहे. डाव्या-उजव्या चाकांतील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागावें. उत्तर जितकें लहान, तितकी गाडी लवकर कलंडणार. अंतर ६० इंच आणि गुरुत्वमध्य २६ इंचांवर असेल तर उत्तर १.१५ येतें, गुरुत्वमध्य ३० इंचांवर गेला तर तें १ वर येतें. अमेरिकन सरकारनें २००१ पासून मोटारींच्या उलटण्याच्या धोक्याचें मूल्यमापन याच प्रमाणावर सुरू केलें.

मोठें चाक अपरिहार्य आहे, असेही देश आहेत. आइसलंडमध्यें हिमनद्यांवरील मऊ बर्फांत साधी जीप पोटापर्यंत रुतते. तेथील कारागिरांनीं ३८ आणि ४४ इंची टायर बसवून त्यांतील हवा दोन-तीन पौंडांपर्यंत उतरविण्याची पद्धत रूढ केली. १९९० सालीं टोयोटाच्या तेथील शाखेंत या कामासाठीं ‘आर्क्टिक ट्रक्स’ हा विभाग निघाला. २००७ सालीं त्यांनीं बदललेल्या गाड्या उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या १९९६ सालच्या स्थानापर्यंत बर्फावरून पोंचल्या. पण तेथें नुसते टायर बदलून भागत नाहीं. मडगार्ड कापून चाकाला जागा करतात, आंस सरकवितात, गिअरांचें प्रमाण बदलतात आणि वेगदर्शक नव्यानें लावून घेतात.

महाराष्ट्राचा या इतिहासाशीं संबंध विलीज जीपमुळें आला. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीनें मुंबईंत तिची जोडणी हातीं घेतली, आणि घाटांतून, शेतांतून, जंगल खात्याच्या वाटांवरून ती सर्वत्र फिरली. आज तिच्या वंशजांना उंच करण्याची हौस शहरांत पुष्कळ आढळते. मालकानें येथें कायदाही लक्षांत घेतला पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करतां येत नाहीं. आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही हें कलम तितक्याच कडकपणें लावलें.

म्हणून निवड करतांना प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. गाडी कोणत्या जमिनीवर, वर्षांतून किती दिवस आणि किती ओझें घेऊन जाणार, हें आधीं ठरवावें. मग अंगच्या टायरांत हवेचा दाब कमी करून काम भागतें का, हें पाहावें. न भागल्यास निर्मात्यानें संमत केलेला मोठ्यांत मोठा टायर शोधावा. त्याला जागा करण्यासाठीं फेरफार करावयाचा झाला, तर तो नोंदणीच्या नियमांत बसतो कीं नाहीं, याची चौकशी आधीं करावी आणि मगच, लागेल तेवढीच, स्प्रिंग उंच करावी. त्याबरोबर ब्रेक, गिअर आणि सुकाणू यांचा हिशेबही पुरा करावा. डांबरी रस्ता लागतांच हवा पूर्ववत् भरणें हें तर ओघानेंच आलें, कारण मऊ टायर वेगांत तापतो आणि फुटतो. लिबियाच्या वाळूंतून जे सुखरूप परतले, ते गाडीची उंची मोजीत बसले नाहींत. पाणी किती उरलें, पेट्रोल किती उरलें आणि टायरांत हवा किती आहे, एवढेंच ते मोजीत.