भिंतीवरची ओल आणि घरातली हवा

गणपतीची सुटी संपवून गुरुजी शाळेत येतात, नकाशांचे कपाट उघडतात, आणि पहिल्याच श्वासाबरोबर नाकात कुबट वास शिरतो. नकाशाच्या कापडावर करडे ठिपके पडलेले असतात. कपाट जरा पुढे ओढले, तर मागच्या भिंतीवर हातभर काळसर चट्टा. गुरुजी म्हणतात, "पावसाळा आहे, व्हायचंच!" दिवाळीला भिंतीला चुना लागतो, चट्टा दिसेनासा होतो, आणि पुढच्या श्रावणात तो नेमका त्याच जागी पुन्हा हजर होतो.

वाचकहो, हा अनुभव तुमच्या-आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरातला आहे. परंतु या चट्ट्याला मोठा इतिहास आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. घरातली हवा चांगली की वाईट, हे ओळखायचे कसे, या प्रश्नावर माणसाने हजारो वर्षे डोके चालवले आहे. त्यात तो कधी चुकला, कधी बरोबर आला. ती हकीकत आज थोडक्यात पाहू.

पहिला परीक्षक भेटतो तो बायबलच्या जुन्या करारात. त्यातल्या 'लेवीय' नावाच्या ग्रंथात, चौदाव्या अध्यायात, घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे उठले तर काय करावे याचे नियम दिले आहेत. घरमालकाने याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे, वर्दी द्यायची. याजक येण्यापूर्वी घर रिकामे करायचे. चट्टा भिंतीत खोलवर गेलेला दिसला, तर याजक घर सात दिवस बंद ठेवी आणि सातव्या दिवशी पुन्हा येऊन पाही. चट्टा पसरला असेल, तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतला गिलावा खरवडायचा, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. एवढे करूनही चट्टा परत उठला, तर घर पाडायचे! त्या चट्ट्यांना वापरलेल्या मूळ हिब्रू शब्दाचे भाषांतर अनेक ठिकाणी 'महारोग' असे झाले आहे. पण भिंतीवरचा हा विकार म्हणजे बुरशीच असावी, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. त्या काळी बुरशी म्हणजे काय, हे कुणाला ठाऊक नव्हते. तरी पद्धत पाहा: आधी पाहायचे, मग थांबायचे, पुन्हा पाहायचे, आणि बिघडलेला भाग मुळातून काढायचा. चट्ट्यावर रंग फासा, असे त्यात कुठेही सांगितलेले नाही.

आता एकदम एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत येऊ. म्युनिक शहरी माक्स फॉन पेटेनकोफर नावाचे एक प्राध्यापक होते. कोंदट खोलीत जीव घुसमटतो, हे सर्वांनाच कळते. पण ते मोजायचे कसे? शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालतो आणि निवळी दुधाळ होते. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची ही करामत. पेटेनकोफर यांनी याच जातीचे, बेरियमचे द्रावण घेऊन खोलीतल्या हवेत हा वायू किती आहे, ते मोजले. 1858 साली त्यांनी सांगितले की राहत्या खोलीत हजार भाग हवेत या वायूचा एक भाग, यापेक्षा अधिक नसावा. त्यांच्या म्हणण्यातली खुबी अशी की एवढा वायू स्वतः विषारी असतो, असे ते म्हणत नव्हते. हवा किती जणांच्या उच्छ्वासाने वापरून जुनी झाली, याची ती खूण होती. घरातल्या हवेला आकडा मिळाला. आजही वर्गखोलीची हवा तपासताना हा हजारात एकाचा आकडा पुष्कळ ठिकाणी आधाराला घेतात.

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली. खोलीत घाणीचा ढीग असेल, तर आधी ढीग उचला; ढीग ठेवून खिडक्या उघडण्यात अर्थ नाही. ही गोष्ट साधी वाटते, पण पुढच्या साऱ्या हकीकतीचे सार तिच्यात आहे.

त्याच शतकात युरोपातल्या घरांतून एक निराळेच संकट शिरले होते. शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1775 साली एक सुंदर हिरवा रंग तयार केला. त्यात तांबे होते आणि सोमलाचे विषही होते. हा रंग, आणि पुढे त्याच कुळातले दुसरे हिरवे रंग, भिंतीला चिकटवायच्या कागदावर सर्रास वापरले जाऊ लागले. दिवाणखाने हिरवेगार झाले. मात्र काही घरांतली माणसे आजारी पडू लागली. 1839 साली ग्मेलिन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जाहीर इशारा दिला की असा कागद ओल्या भिंतीवर लावला की खोलीत उंदराच्या वासासारखा वास येतो आणि ती हवा घातक असते.

हा वास येतो कुठून? 1890 नंतरच्या काही वर्षांत रोम येथील डॉक्टर बार्तोलोमेओ गोसिओ यांनी याचा छडा लावला. सोमल मिसळलेल्या खाद्यावर त्यांनी बुरशी वाढवली. त्या बुरशीतून लसणीसारख्या वासाचा वायू निघू लागला. भिंतीची ओल आणि कागदाची खळ यांवर बुरशी पोसत होती आणि रंगातल्या विषापासून हवेत सोमलयुक्त वायू सोडत होती. पुढे 1930 च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्स येथे चॅलेंजर यांनी तो वायू कोणता, हे निश्चित केले.

गोष्ट इथे संपली असती तर छान झाले असते. परंतु 2005 साली दोन रसायनशास्त्रज्ञांनी सारे जुने पुरावे पुन्हा तपासले, आणि हा वायू समजला जात होता तितका विषारी नाही, असे दाखवून दिले. मग माणसे आजारी का पडली? विषारी रंगाची धूळ खोलीत उडत होतीच. ओल्या भिंतीवरची बुरशीही होतीच. म्हणजे शंभर वर्षे सगळ्यांचे लक्ष वायूकडे लागले होते, आणि भिंत ओली का, हा साधा प्रश्न मागे पडला होता.

असाच प्रकार आपल्या मुंबईतही घडला. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा रोगी आढळला. त्याचे निदान करणारे डॉक्टर आकासियु व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. रोग कोंदट, अंधाऱ्या घरांच्या दूषित हवेतून उठतो, असा त्या वेळी अनेक अधिकाऱ्यांचा समज होता. म्हणून घरांची कौले काढून उजेड आत घेतला, भिंती धुतल्या, आणि कित्येक घरांवर 'राहण्यास अयोग्य' या अर्थाची इंग्रजी अक्षरे रंगवली. 1898 साली शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच वर्षी कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले की प्लेग पसरतो तो उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे. घरात उजेड-वारा आला हे चांगलेच झाले. पण प्लेगचे कारण हवेत नव्हते. इतिहासाचा धडा असा की नुसते 'हवा वाईट' म्हणून भागत नाही. वाईट कशाने, हे शोधावे लागते.

मग बुरशीच्या बाबतीत 'कशाने' याचे उत्तर काय? ते आपल्या घरातल्या बायकांना केव्हाचे ठाऊक आहे. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की बुरा येतो. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सगळीकडे असतात, अगदी स्वच्छ घरातही. ते रुजतात ते पाणी मिळाले तरच. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले, तेव्हा हवेत अमुक इतके बीजाणू चालतील, असा आकडा दिला नाही. ओलीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, दमा आणि श्वसनाचे इतर विकार अधिक होतात, एवढे पुराव्याने दिसते. तेव्हा ओल टिकू देऊ नका आणि बुरशी वाढू देऊ नका, हेच तिचे सांगणे आहे.

हे न ऐकल्याचा परिणाम किती भयंकर होतो, ते इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी दिसले. भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका कुटुंबाने भिंतीवरच्या बुरशीची तक्रार 2017 सालीच केली होती. त्यांना सांगण्यात आले, वरून रंग लावा. 2020 च्या डिसेंबरात त्या घरातला दोन वर्षांचा मुलगा श्वसनाच्या विकाराने दगावला. 2022 साली झालेल्या न्यायचौकशीत मृत्यूचे कारण घरातली बुरशी, असा निर्णय आला. त्या बाळाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा 2023 साली झाला, आणि 2025 च्या ऑक्टोबरपासून तेथील सार्वजनिक भाड्याच्या घरांना लागू झाला. आता तेथे घरमालक संस्थेला ठरावीक दिवसांत ओलीची तपासणी करावीच लागते. जुन्या करारातला याजक वर्दी मिळताच येत होता. आपल्या काळात तेवढ्यासाठी एका लेकराचा जीव जावा लागला.

आता आपण काय करावे? त्यासाठी यंत्र लागत नाही. बाहेरून आत येताच पहिल्या मिनिटाला नाकाला काय कळते, ते ध्यानात घ्यावे, कारण नंतर नाक सरावते. चट्टा कुठे आहे ते पाहावे. जमिनीपासून वर चढत असेल, तर ओल पायातून येते. आढ्याखाली असेल, तर फुटके कौल किंवा तुंबलेली पन्हळ शोधावी. कपाटामागे असेल, तर तेथे वारा खेळत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे घ्यावे. शंका असेल, तर वीतभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. कागदाच्या बाहेरच्या अंगाला दव जमले, तर पाणी खोलीतल्या वाफेचे. आतल्या अंगाला जमले, तर भिंतीतले.

चट्ट्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालावी आणि सात दिवसांनी पुन्हा पाहावे. पाण्याची वाट बंद करून भिंत सुकू द्यावी. मग नाकातोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने ओले पुसावे. कोरड्या कुंच्याने झाडू नये, कारण बीजाणू उडतात. दमेकऱ्याला आणि लहान मुलांना त्या वेळी दूर ठेवावे. मेलेली बुरशीही श्वासाला त्रास देते, म्हणून ती मारून भागत नाही, काढून टाकावी लागते. चुना लावायचा तो या सगळ्यानंतर.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ही परीक्षा मुलांकडून आपल्या वर्गाच्या भिंतीवर जरूर करवून घ्यावी; पुसण्याचे काम मात्र मोठ्यांनी करावे. मुले घरी जाऊन आईच्या खोकल्याकडे, आजोबांच्या दम्याकडे आणि माजघराच्या भिंतीकडे एकदम पाहू लागतील. दिवाळीचा चुना कालवण्यापूर्वी पन्हळ साफ करायची, एवढे जरी त्यांनी घरी सांगितले, तरी पुढच्या श्रावणात तो चट्टा परत येणार नाही.