पथदिव्याचा खांब कोणाचा? : बिनतारी दूरसंचार आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे अधिकार

प्रास्ताविक :
मिरा-भाईंदरमधील नवघर हे एकेकाळी मिठागरांच्या सान्निध्यातील गाव होते. १९८५ मध्ये या परिसरातील ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. अशा नव्या शहरात पथदिव्याच्या खांबावर बसणाऱ्या लहान दूरसंचार यंत्रावर, म्हणजेच स्मॉल सेलवर, नियंत्रण कोणाचे, या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

वसाहतकालीन वारसा :
१८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८५ मध्ये, भारतीय तार अधिनियम संमत झाला. या अधिनियमाच्या कलम १० ने तारयंत्रणेला खांब उभारण्याचे व्यापक अधिकार दिले. मात्र स्थानिक संस्थेच्या ताब्यातील मालमत्तेसाठी त्या संस्थेची परवानगी आवश्यक ठरविली. राज्यघटनेतही हीच विभागणी दिसते. दूरध्वनी व बिनतारी संदेशवहन संघसूचीत, तर स्थानिक शासन आणि जमीन व इमारतींवरील कर राज्यसूचीत आहेत.

परवानगीकडून गृहीत संमतीकडे :
नोव्हेंबर २०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी अर्जावर ६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाल्याचे मानण्याची तरतूद केली. लगेचच डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात मोबाईल मनोरे मालमत्ता करास पात्र ठरविले. अशा रीतीने एका हाताने अधिकार आकसला, तर दुसऱ्या हाताने महसूल मान्य झाला. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने स्मॉल सेलसाठी प्रत्येक खांबामागे शहरी भागात वार्षिक ३०० रुपये व ग्रामीण भागात १५० रुपये आकार ठरविला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने सांगली जिल्ह्यातील चिकुर्डे ग्रामपंचायतीचा मनोराविरोधी ठराव रद्द केला. किरणोत्सर्गाच्या भीतीला शास्त्रीय पुरावा नाही, हे त्यामागील कारण होते. पुढे दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम १४ ने दूरसंचार जाळे हे मालमत्ता करासाठी त्या मालमत्तेचा भाग मानू नये, असे म्हटले. त्यामुळे २०१६ मध्ये मान्य झालेल्या महसुलावरही प्रश्नचिन्ह उभे राहते. नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

हा संघर्ष केवळ भारतातील नाही. अमेरिकेच्या संघीय संचार आयोगाने २०१८ मध्ये शहरांना स्मॉल सेलच्या अर्जांसाठी ६० ते ९० दिवसांची मुदत घातली आणि प्रत्येक यंत्रामागे वार्षिक २७० डॉलरपर्यंतचे शुल्क वाजवी मानले.

निष्कर्ष :
देशव्यापी जाळे प्रत्येक पालिकेच्या मर्जीवर सोडता येणार नाही, हा केंद्राचा युक्तिवाद रास्त आहे. तथापि खांबाची देखभाल, पदपथावरील अडथळा आणि नागरिकांची तक्रार या बाबी अखेर पालिकेच्याच दारी येतात. मिरा-भाईंदरच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ मध्येच संपली आणि पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. म्हणजे नियम बदलत असताना शहरात प्रशासकीय राजवट होती, चर्चेसाठी निर्वाचित सभागृह नव्हते. मौनाला संमती मानणारा नियम अशा काळात अधिक गंभीर ठरतो. म्हणून शुल्क व मुदत केंद्राने ठरवावी. परंतु जागेची निवड आणि खांबांची जाहीर नोंदवही हे अधिकार स्थानिक संस्थेकडे राहावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १८८५ च्या परकीय सत्तेने मान्य केलेली परवानगी स्वतंत्र भारतात केवळ औपचारिकता ठरू नये.