परसातल्या कोंबडीची वंशावळ

वाशीमला सापडलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटात राजा विंध्यशक्तीचा बाप सर्वसेन आणि आजा प्रवरसेन, अशी नावं कोरलेली आहेत. राजाची वंशावळ तांब्यावर टिकते. पण श्रोतेहो, रिसोड-मंगरूळपीरकडच्या आपल्या परसात हिंडणाऱ्या कोंबडीचा बाप कोण, हे कोण लिहून ठेवतो? तिचा ताम्रपट तिच्या अंगावरच असतो. तो वाचता मात्र आला पाहिजे.

आधी तुरा पाहा. तुऱ्याचा आकार ठरावीक नियमानं पिढीजात उतरतो, हे इंग्लंडातल्या बेटसन यांनी १९०२ साली प्रयोगांनी दाखवलं. असील कोंबड्याचा तुरा ठेंगणा, तीन ओळींचा असतो आणि करवतीसारख्या उभ्या तुऱ्यावर तो वरचढ ठरतो. उभ्या तुऱ्याच्या कोंबडीच्या अंड्यातून असं पिल्लू निघालं, तर बाप उभ्या तुऱ्याचा नव्हे, हे समजावं. मात्र खूण दिसली नाही म्हणून नातं नाही, असं म्हणू नये. मिश्र बापाची खूण निम्म्या पिल्लांत उतरतही नाही.

आता पाय. व्हाइट लेगहॉर्न मूळची इटलीची, ऱ्होड आयलंड रेड अमेरिकेची. दोघींचे पाय पिवळे. म्हणून पिवळ्या पायांची प्रत्येक कोंबडी विलायती का? पाळीव कोंबडीचं मूळ तांबड्या रानकोंबड्यात आहे, असं डार्विननं १८६८ साली लिहिलं. ते मुख्यतः खरं ठरलं. पण पिवळ्या कातडीचा गुण बहुधा करड्या रानकोंबड्याकडून आला, असं २००८ सालच्या संशोधनात आढळलं. आणि तो तर आपल्या सह्याद्रीतही राहतो! तेव्हा एकट्या पायांवरून निवाडा करू नये.

ही चौकशी कशासाठी? लेगहॉर्न अंडी पुष्कळ देते, पण सहसा खुडूक बसत नाही. तिचंच रक्त परसात वाढत गेलं, तर अंडी होतील, पण उबवणारी उरणार नाही. पिल्लांसाठी दरवेळी पैसे मोजावे लागतील. म्हणून चांगल्या बसणाऱ्या कोंबडीच्या पोटचा कोंबडा राखावा. कोंबडा बदलला, तरी जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. त्यानंतरचीच अंडी उबवायला ठेवावीत.

गुरुजींनी मुलांना एक वही घालून द्यावी: आई कोणती, कोंबडा कोणता, पिल्लाचा तुरा कसा, पाय कसे. दोन वर्षांत गावाजवळ आपल्या कोंबड्यांचा लिहिलेला इतिहास असेल.