जुन्या आलिशान मोटारीची परीक्षा घाटातच

जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत गर्दी जमते ती चकाकत्या पितळेभोवती. मोटारीची खरी परीक्षा मात्र रस्त्यावरच होते. महाराष्ट्रात अशी एक गाजलेली परीक्षा १९०८ मध्येच झाली होती.

'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉइस त्या वर्षी मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. सुमारे ६२० मैलांच्या, म्हणजे जवळपास हजार किलोमीटरच्या या मार्गात सह्याद्रीतील सहा घाट होते. वाटेत एकदाही बंद न पडता ही मोटार विजयी ठरली. पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली.

'सिल्व्हर घोस्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेचे इंजिन सहा सिलिंडरचे आणि सात लिटरहून मोठे होते. मात्र तिचे वैशिष्ट्य वेगापेक्षा लवचीकतेत होते. १९११ मध्ये याच मालिकेतील एक मोटार लंडनहून एडिंबरा आणि परत, असा प्रवास टॉप गिअरमध्ये करून आली.

आजही अशा मोटारीची पारख करताना काही गोष्टी आवर्जून पाहाव्या लागतात. इंजिन हळू फिरतानाही एकसारखे चालते का? चढावर पाणी उकळते का? स्टिअरिंगमध्ये ढिलाई किती? 'सिंक्रोमेश' गिअर कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणले. त्यापूर्वीच्या मोटारीत गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो. त्यामुळे दात खरखरले तर दोष मोटारीचा की चालकाचा, हे आधी ठरवावे.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती ब्रेकबाबत. सुरुवातीच्या सिल्व्हर घोस्टमध्ये ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते. म्हणूनच उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाच्या आधारे वेग आवरणे आणि पुढील वाहनापासून भरपूर अंतर राखणे आवश्यक ठरते.

ब्रिटिश वर्गीकरणानुसार १९१९ ते १९३० दरम्यानच्या मोटारी 'व्हिंटेज', तर त्याआधीच्या १९०५ पासूनच्या 'एडवर्डियन' होत. हा फरक केवळ नावापुरता नाही. प्रत्येक मोटारीचे मूल्यमापन तिच्या काळाच्या कसोटीवर व्हायला हवे. आधुनिक सुटे भाग बसविल्यास चालविणे सोपे होते. पण मग परीक्षा होते ती नव्या भागांची, मूळ मोटारीची नव्हे.