स्त्रीबीजाचे दान आणि श्रमाचे मोल

आमच्या लहानपणी शिरड शहापुरात मूल नसलेल्या बाईला ओटी भरण्याच्या वेळी बाजूस सारीत. दोष तिचाच, हे सारे धरून चालत. या समजुतीची मुळे जुनी आहेत. स्त्री हे क्षेत्र आणि बीज पुरुषाचे, असे स्मृतिकारांनी सांगितले. म्हणजे पीक आले तर बियाण्याची थोरवी, न आले तर जमीन नापीक! सस्तन मादीच्या ठायीही बीज असते, हे फॉन बेअर या शास्त्रज्ञाने १८२७ साली प्रत्यक्ष पाहून दाखविले.

पुढे दीडशे वर्षांनी, १९७८च्या जुलैत इंग्लंडमध्ये व ऑक्टोबरात कलकत्त्यास, शरीराबाहेर फळलेल्या बीजापासून मुली जन्मल्या. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्यावर सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही. १९८१ साली त्यांनी जीवन संपविले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांना यश आले. हे रुग्णालय महापालिकेचे, परळच्या गिरणगावातले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. ज्यांचे स्वतःचे बीज आटले अशा स्त्रियांसाठी दुसरीचे बीज घेण्याचा उपायही डॉ. हिंदुजा यांनीच येथे रुजविला; त्यातून पहिले मूल २४ जानेवारी १९९१ रोजी जन्मले.

परंतु श्रोतेहो, बीज देणाऱ्या बाईकडे कोण पाहतो? तिला कित्येक दिवस इंजेक्शने घ्यावी लागतात, मग भूल देऊन सुईने बीजे काढतात. क्वचित अंडाशय सुजून जिवावर बेतते. शुक्रदानाशी याची बरोबरी होणार नाही. २०२१च्या कायद्याने बीजाची विक्री गुन्हा ठरविली. दाती २३ ते ३५ वर्षांची असावी, तिने जन्मात एकदाच दान करावे, सातांहून अधिक बीजे काढू नयेत आणि तिचा बारा महिन्यांचा विमा घेणाऱ्यांनी उतरावा, असे ठरले. मुलावर तिचा हक्क राहत नाही.

कायदा चांगला आहे. पण गरज नडलेली बाई ‘दान’ म्हणून सही करते तेव्हा ती खरोखर दानच करते काय? कामगार चळवळीत आम्ही एवढेच शिकलो की, अंगठा उठविण्याआधी वर काय लिहिले आहे ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे. वांझ म्हणून एकीला हिणवू नये, हे खरेच. पण तिची ओटी भरताना दुसरीचे अंग झिजते, तिचाही हिशेब समाजाने ठेवला पाहिजे.