घरची कोकणी, शाळेची मराठी

द्वैभाषिक बालपणाचा विचार आपल्याकडे पुष्कळदा न्गुगी वा थिओंगो यांच्या ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ (१९८६) या ग्रंथातील सूत्राने केला जातो : घरची भाषा जितांची, शाळेची जेत्यांची. केनियाच्या संदर्भात हे सूत्र यथार्थ आहे. गोमंतकीय हिंदू कुटुंबांच्या इतिहासाला मात्र ते पुरे पडत नाही. तेथे राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज होती. मराठी ही समाजाने स्वतः स्वीकारलेली विद्येची भाषा होती. पोथी व कीर्तन यांतून ती रुजली होतीच. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर धार्मिक निर्बंध शिथिल झाले आणि खासगी मराठी शाळांचा प्रसार वाढला. शाळेची भाषा येथे परकीय सत्तेपासूनचा आसरा ठरली.

या आसऱ्याचे मोल मात्र घरच्या भाषेने चुकते केले. ज्या कोकणीत मूल रुसले, हसले, ती ‘बोली’ म्हणून उंबरठ्याआड राहिली. अक्षराची प्रतिष्ठा मराठीला लाभली. हे दमन नव्हे, उपेक्षा होय. आणि आपल्याच माणसांनी केलेली असल्याने ती ओळखणे अधिक अवघड.

१९१० मध्येच बोरी येथे जन्मलेल्या बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत काव्यरचना केली. ‘सासाय’ या कोकणी संग्रहाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तरीही भाषावार वाङ्मयेतिहास अशा कवीची दोन खात्यांत वाटणी करतो. ज्या द्वंद्वातून ही कविता घडली, ते द्वंद्वच या वाटणीत नाहीसे होते. दोन्ही कविता एकत्र वाचणे, हे म्हणूनच समीक्षेचे पहिले कर्तव्य ठरते.